पक्षिमित्र डॉ. सलीम अली



निकालाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात जी गर्दी होते, तिच्यात उभा राहून मी दरवर्षी एकच प्रश्न ऐकतो. मुलाला एवढेच मार्क पडले, आता याचे पुढे काय होणार, असे पालक विचारतात आणि मुलगा शेजारी मान खाली घालून उभा असतो. आज मला तुम्हांला अशाच एका मुलाची हकीकत सांगायची आहे. हा मुलगा १९१३ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत कसाबसा पास झाला. कॉलेजात तो टिकला नाही. हाती पदवी नसल्यामुळे त्याला हवी ती सरकारी नोकरी मिळाली नाही, आणि जी दुसरी मिळाली होती तीही वयाच्या तेहतीस-चौतिसाव्या वर्षी गेली. त्याचे नाव सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली. डॉ. सलीम अली म्हणून सारे जग त्यांना ओळखते. नावाआधीचे 'डॉक्टर' मात्र त्यांनी परीक्षा देऊन मिळवलेले नाही. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने १९५८ साली आणि पुढे आणखी विद्यापीठांनी त्यांना आपण होऊन दिले.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. यतीम झालेल्या या मुलाला मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीच्या आपल्या घरी वाढवले. मामा-मामींना स्वतःचे मूल नव्हते. तय्यबजी घराणे तुम्हांला ठाऊक असेलच. राष्ट्रसभेचे तिसरे अध्यक्ष आणि १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना करणाऱ्यांपैकी एक, बद्रुद्दीन तय्यबजी, हे याच घराण्यातले.

मामा हौशी शिकारी होते. सुट्टीत सारे कुटुंब चेंबूरला मुक्कामाला जाई. तेव्हाचे चेंबूर म्हणजे झाडीने वेढलेले खेडे होते. छोट्या सलीमच्या हाती खेळण्यातली छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या टिपणे हा त्याचा उद्योग झाला. पक्ष्यांवरच्या प्रेमाने या माणसाची सुरुवात झाली असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. सुरुवात बंदुकीने झाली. टिपलेल्या चिमण्या हलाल करून शिजवून खाल्ल्याही जात.

असाच एक दिवस त्याने एक चिमणी पाडली. हातात घेऊन पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा डाग, जणू हळदीचे बोट लागलेले. हा पक्षी खाणे जायज की नाही, अशी शंका मुलाच्या मनात आली आणि तो पक्षी घेऊन मामांकडे गेला. आता यापुढे काय झाले ते नीट वाचा, कारण मला हाच या चरित्रातला मोठा प्रसंग वाटतो. मामांनाही तो पक्षी ओळखता येईना. त्यांनी मुलाला रागे भरून हाकलले नाही. आपल्याला माहीत नाही हे त्यांनी लपवलेही नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली निसर्ग-अभ्यासकांची संस्था. तिच्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी मामा एक होते. त्यांनी संस्थेचे चिटणीस मिलार्डसाहेब यांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि पोराला मेलेल्या चिमणीसह तिकडे धाडले.

दहा-बारा वर्षांचे एक हिंदी पोर त्या जमान्यात अपोलो स्ट्रीटवरच्या गोऱ्या साहेबाच्या कचेरीत एकटे जाते, तेव्हा त्याच्या छातीत काय धडधड झाली असेल याची कल्पना करा. साहेब मात्र भला निघाला. त्याने पक्षी पाहताच ओळखला. ही पीतकंठी चिमणी, आपल्या घरातल्या चिमणीची रानातली बहीण. मग त्याने कपाटांचे खण एकामागून एक उघडून भुसा भरून जपलेले पक्षी दाखवले, पक्ष्याचे कातडे सोडवून टिकवून कसे ठेवायचे ते शिकवण्याची व्यवस्था केली आणि वाचायला पुस्तके दिली. त्यांत मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर 'एहा' या नावाने लिहिणाऱ्या एटकेन यांचे पुस्तकही होते. पुढे अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, १९८५ साली, सलीम अलींनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले तेव्हा त्याचे नावही त्यांनी या चिमणीवरूनच ठेवले.

पक्ष्यांच्या नावांच्या बाबतीत आपली सर्वांचीच परिस्थिती गमतीची आहे. हजरत सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या किश्शातला हुदहुद आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असतो. पण तोच हुदहुद, डोक्यावर तुरा, लांब वाकडी चोच, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, हिवाळ्यात एखाद्या मैदानात जमीन टोचत फिरत असेल तर आपण त्याच्या बाजूने निघून जातो.

मी इतरांना का नावे ठेवू? काही वर्षांपूर्वी जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर आठवड्याच्या आतच, आठवीतल्या एका मुलाने टिफिनच्या पिशवीतून एक पक्षी वर्गात आणला. पाठ हिरवी, पोटाखाली लालभडक, डोळ्यावर काळी पट्टी, शेपूट आखूड. तो त्यांच्या इमारतीच्या जिन्यात पडलेला होता. हा कोणता पक्षी, सर, असे त्याने विचारले. मला माहीत नव्हते. तसे न सांगता मी त्याला पिशवी बाकाखाली ठेवून गणिताचे पुस्तक काढायला सांगितले. मधल्या सुट्टीपर्यंत पक्षी मेला. तो नवरंग होता, हे मला नंतर कळले. पावसाच्या तोंडावर नवरंग रात्रीचा प्रवास करून आपल्या भागातल्या डोंगरांत वीण करायला येतात आणि दमून किंवा काचांवर आपटून शहरात पडतात. अशा पक्ष्याला हवेची भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात, शांत ठिकाणी ठेवायचे, चोचीत पाणी ओतायचे नाही आणि वनखात्याला किंवा जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना कळवायचे, एवढेच करायचे असते. पुष्कळदा विश्रांती मिळाल्यावर तो उडून जातो. खेतवाडीच्या मामांची गोष्ट त्यानंतर माझ्या वाचनात आली, आणि ती वाचताना मला काय वाटले ते येथे लिहीत नाही.

असो. सलीम अलींचे शिक्षण कधी सुरळीत झालेच नाही. तेराव्या वर्षापासून डोकेदुखीने त्यांना छळले आणि हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे राहावे लागले. मॅट्रिकनंतर सेंट झेवियर्स कॉलेजात नाव घातले, पण पहिल्याच वर्षी गणिताने आणि इतर विषयांनी जेरीस आणले. तेव्हा घरच्यांनी त्यांना ब्रह्मदेशातील तव्हाय येथे पाठवले. तेथे भावाचा खाणीचा आणि इमारती लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायात त्यांचे चित्त फारसे रमले नाही. भोवतालच्या जंगलात मात्र रमले. १९१७ साली परत आल्यावर त्यांनी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकायला घेतली. सेंट झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी त्यांची खरी ओढ ओळखली आणि त्यांना प्राणिशास्त्राच्या वर्गात बसायला लावले. सकाळी एका कॉलेजात हिशेब आणि नंतर दुसऱ्या कॉलेजात प्राणी, असा तो क्रम होता. १९१८ च्या डिसेंबरात त्यांचा तहमिना बेगम यांच्याशी निकाह झाला.

ब्रह्मदेशातला धंदा पुढे बुडाला. नोकरी शोधणे आले. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाची जागा होती, पण विद्यापीठाची पदवी नाही म्हणून ती मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्या निसर्गविभागात माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची जागा निघाली. पगार दरमहा साडेतीनशे रुपये. त्या काळात हा पगार चांगलाच होता. पण दोन वर्षांत त्यांना वाटू लागले की आपले ज्ञान अपुरे आहे. रजा काढून ते बर्लिनला गेले आणि तेथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्रा. एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. पदवी तेथेही मिळाली नाही. गुरू मात्र मिळाला.

१९३० साली ते परत आले तर नोकरी गेलेली होती. पैसा नाही म्हणून ती जागाच रद्द झाली होती. पालकहो, या ठिकाणी क्षणभर थांबा. घरात कर्ता पुरुष तेहतीस-चौतीस वर्षांचा, परदेशी जाऊन आलेला आणि बेकार. नातेवाईक काय बोलले असतील ते तुम्हांला सांगायला नको. मुंबईतले घर परवडेना म्हणून हे जोडपे खाडीपलीकडे, अलिबागजवळच्या किहीम गावी तहमिना बेगमच्या घरच्या लहानशा बंगलीत राहायला गेले.

तेथे जवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. त्या पावसाळ्यात सलीम अलींनी तासन् तास आडोशाला बसून एकच काम केले, ते म्हणजे पाहणे. आपल्या मराठीने या पक्ष्याला सुगरण असे बायकी नाव दिले आहे, पण घरटे विणतो तो नर. तो पात्यांच्या चिरफळ्या आणून घरटे अर्धे विणतो आणि थांबतो. मग माद्यांचा थवा घरे पाहायला येतो, अगदी आपण डोंबिवलीत किंवा मुंब्र्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट पाहायला जातो तसा. मादी आत शिरून पाहणी करते. पसंत पडले तर राहते. मग नर नळी काढून घरटे पुरे करतो. नापसंत घरटी अर्धवट लोंबत राहतात. मादी अंडी उबवू लागली की नर स्वस्थ बसत नाही. शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा क्रम इतक्या बारकाईने यापूर्वी कोणी मांडला नव्हता. सोसायटीच्या नियतकालिकात तो निबंध छापून आला आणि बेकार सलीम अलींचे नाव जगातल्या पक्षितज्ज्ञांत झाले.

यानंतर त्यांनी एक युक्ती काढली. संस्थानांमध्ये पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. पाहणी मी करतो, पगार नको, मुक्कामाचा व प्रवासाचा खर्च द्या, असे त्यांनी संस्थानिकांना सुचवले. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, अशी एकेक पाहणी होत गेली. तंबूतल्या या संसारात तहमिना बेगम त्यांच्या बरोबरीने हिंडल्या. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या अचानक वारल्या. मूलबाळ नव्हते. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. पाली हिलला बहीण कम्मू आणि मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहू लागले.

आता आपल्या जिल्ह्याशी असलेला संबंध. १९३६ ते १९३९ या काळात सलीम अली आणि त्यांचे नातलग हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई आणि साष्टी बेटावरील पक्ष्यांची यादी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध केली. साष्टी म्हणजे वसईची खाडी, ठाण्याची खाडी आणि समुद्र यांच्यामधली जमीन. ठाणे शहर आणि येऊरचा डोंगर त्याच बेटावर आहेत. आपण कल्याण-डोंबिवलीकर पाण्याच्या या बाजूचे, पण पक्ष्यांना खाडी आड येत नाही. ही यादी दिसायला रुक्ष आहे. कोणता पक्षी कोठे दिसला, कोणत्या महिन्यात, विपुल की विरळ, एवढेच तिच्यात आहे. पण तिच्यामुळेच आज आपल्याला हिशेब मांडता येतो. त्या काळी मुंबईत गिधाडे सर्रास होती. नव्वदीच्या दशकात ती देशभर झपाट्याने नाहीशी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जात होते. गुरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली, पण गेलेली गिधाडे परतली नाहीत. उलट रोहित पक्ष्यांचे हजारोंचे थवे ठाणे खाडीत नव्वदीच्या दशकापासूनच येऊ लागले. सांडपाण्यामुळे वाढलेले शेवाळ हे त्याचे एक कारण अभ्यासक सांगतात. २०१५ साली खाडीचा तो भाग अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत आला. ऐरोलीहून वनखात्याच्या बोटीने जाऊन तुम्ही हे पक्षी पाहू शकता.

१९४१ साली सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. पंडित नेहरूंनी तुरुंगातून ते आपल्या कन्येला, इंदिराजींना, पाठवले होते. त्याही तेव्हा तुरुंगातच होत्या. ही ओळख पुढे देशाच्या उपयोगी पडली. स्वातंत्र्यानंतर इंग्रज सभासद निघून गेल्यावर सोसायटीच बंद पडायची वेळ आली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंकडे शब्द टाकून सरकारी मदत मिळवली.

भरतपूरचा तलावही असाच वाचला. येथे महाराजांच्या बदकांच्या शिकारी होत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. तारखेकडे लक्ष द्या, त्या दिवशी सलीम अली बेचाळीस वर्षांचे झाले. स्वातंत्र्यानंतर तलाव आटवून जमीन शेतीला वाटावी अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन ती थांबवली. १९८५ साली हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत गेले.

पण थोरांची चूक झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. म्हशींच्या चरण्याने तलावाचे नुकसान होते, असे सलीम अलींचे मत होते आणि त्यांच्या सल्ल्यानुसार १९८२ साली भरतपूरला गुरे चारण्यास बंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे नेणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध केला. गोळीबार झाला आणि माणसे मेली. पुढे खुद्द सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून दिसून आले की म्हशी गेल्यामुळे गवत माजले, पाणी झाकले गेले आणि पक्ष्यांची गैरसोयच झाली. एका चिमणीवरून मामांना प्रश्न विचारणारा मुलगा म्हातारपणी त्या गावकऱ्यांना विचारता तर त्यांनी हे आधीच सांगितले असते, असे मला वाटते. सोसायटीने हा निष्कर्ष लपवला नाही, ही गोष्ट मात्र तिच्या आणि तिला घडवणाऱ्या सलीम अलींच्या बाजूने मोजली पाहिजे.

त्यांच्या कामाचा उरक मोठा होता. डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी भारत-पाक उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. पहिला खंड १९६८ साली आला तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. दहावा १९७४ साली. पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी अडकवून ते कोठून कोठे जातात हे शोधण्याचे मोठे कामही त्यांच्या देखरेखीखाली झाले. त्यांना मोटारसायकलचा भारी षोक. १९५० साली स्वीडनमधील पक्षितज्ज्ञांच्या परिषदेला जाताना त्यांनी आपली सनबीम बोटीने युरोपात नेली आणि तेथे ते त्यावरून हिंडले. तेव्हा हे गृहस्थ हिंदुस्थानातून थेट मोटारसायकलवरच आले, अशी आवई उठली.

१९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण, १९८५ साली राज्यसभेवर नेमणूक, असे मान मिळत गेले. गेटी पारितोषिकाची मोठी रक्कम हाती आली ती त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीसाठी देऊन टाकली. २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. कोइमतूरची पक्षिविज्ञान संस्था आणि गोव्यातील चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य त्यांच्या नावाने आहे. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह पाळला जातो. पहिला दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला सुरुवात करायला दुर्बीण लागत नाही. हिवाळ्यात रविवारी सकाळी गांधारेच्या पुलाकडे किंवा दुर्गाडीच्या खाडीवर जा. कुरव, शेकाट्या, धोबी, खंड्या, बगळे हे तेथे तुमची वाट पाहत नसतात, पण असतात. तारीख, वेळ, जागा आणि काय दिसले ते वहीत लिहा. नाव माहीत नसेल तर रंग, चोच आणि आकार लिहा. संक्रांतीच्या सुमारास तारांवर आणि झाडांवर अडकलेला मांजा काढता येईल तेवढा काढा, पण विजेच्या तारांना हात लावू नका. घरी पिंजऱ्यात पोपट असेल तर १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, हे घरच्यांना अदबीने सांगा. तो तसाच उडवून देऊ नका, वनखात्याला विचारा.

ज्या मुलाने नवरंग आणला होता तो आता शाळेत नाही. आमच्या वर्गातील कपाटात खडूंच्या डब्याशेजारी बुटांचा एक रिकामा खोका असतो, झाकणाला भोके पाडलेला. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तो खाली काढून पुसून ठेवतो.